पिकअपला मोठी टाकी : आमचा एक उद्योग



मागच्या उन्हाळ्यात यूटामध्ये आय-७० वर आमचा २००० सालचा डिझेल पिकअप मध्येच बंद पडला. ग्रीन रिव्हर ते सलायना या सुमारे ११० मैलांत पेट्रोल पंप नाही. मागे ट्रेलर, गाडीत मुलं आणि काटा पाव टाकी दाखवत होता! मग कळलं, की टाकीच्या आतला लेप सुटून त्याचे पापुद्रे जाळीत अडकले होते. टाकी बदलायचीच, तर मोठी का नको? आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले, पण पदवी मेकॅनिकलची. म्हटलं, करून बघू.

जुनी टाकी २९ गॅलनची, नवी प्लॅस्टिकची ३८ ची. ट्रेलरसह आम्हाला गॅलनला १० मैल मिळतात, म्हणजे ९० मैल जास्त. पण डिझेल गॅलनला सुमारे ७ पौंड भरतं, म्हणजे ६३ पौंड वजनही वाढलं. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा असते, ती आधी पाहा. टाकी एक्झॉस्ट आणि ड्राइव्हशाफ्टपासून पुरेशी लांब राहते ना, हेही मोजा.

काम मोकळ्या हवेत करा. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि डिझेल उपसा. १० गॅलन उरलं तरी ७० पौंडांचं ओझं, तेही आत हिंदकळणारं! टाकीखाली जॅक लावून पट्टे सोडा, टाकी चार-सहा इंच उतरवा, मग वरचे पाइप आणि वायरी काढा. एकदम उतरवलीत तर त्या तुटतील. पाइप काढण्याआधी फोटो घ्या. आम्ही घेतले नाहीत आणि एक संध्याकाळ वाया गेली.

हवा बाहेर जाण्याच्या नळीला मोड पडू देऊ नका, नाहीतर भरताना पंपाचा नोझल सारखा बंद होतो.

आता काट्याची गंमत. टाकीतला तरंगणारा फ्लोट वर-खाली होतो, तसा विद्युतरोध बदलतो आणि काटा हलतो. टाकी जास्त खोल असेल आणि दांडी जुन्याच मापाची, तर काटा खोटं बोलतो. म्हणून आम्ही ५ गॅलन ओतून गळती तपासली, मग पाच-पाच गॅलन भरत काट्याची नोंद केली. तो तक्ता आता सनव्हायझरला चिकटवला आहे.

पेट्रोलच्या गाडीवर मात्र हा प्रयोग घरी करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. शिवाय त्या वाफा अडवणारी यंत्रणा काढणं किंवा बिघडवणं अमेरिकेत कायद्याने मना आहे.

या वर्षी तोच रस्ता पुन्हा केला. मुलांनी विचारलं, "बाबा, डिझेल पुरेल ना?" आम्ही तक्ता पाहून हो म्हटलं.

प्रवास सुखाचा होवो!