कातडीचा कॅन्सर आणि न भरणारी जखम

कॅन्सर म्हटले की तंबाखू खाणाऱ्याचे तोंड डोळ्यांपुढे येते, नाहीतर स्त्रियांचे स्तन व गर्भाशय. कातडीलाही कॅन्सर होतो हे खेड्यापाड्यांत फारसे कोणाला ठाऊक नाही. 'तो गोऱ्या लोकांचा रोग', असे चांगले शिकलेलेही सांगतात. गोऱ्या कातडीला उन्हामुळे तो अधिक होतो, हे खरे. आपल्या सावळ्या कातडीला कमी होतो. पण होतो तो भलत्याच जागी, म्हणूनच उशिरा सापडतो.

लहानपणी चुलीवर भाजलेल्या जागेचा वण कित्येकदा वीस-तीस वर्षांनी फुटतो आणि भरत नाही. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळपायाची जुनी जखमही अशीच उलटू शकते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली धोतराच्या गाठीखाली कंबरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली. धोतरे गेली, पण परकराची नाडी आहेच! वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधल्याने काच पडतो, घामाने कातडी सोलवटते, काळी पडते. बहुतेकींना काही होत नाही. क्वचित एखादीची जखम चिघळते. आमच्या आया-बहिणी ती जागा लाजेने कोणाला दाखवत नाहीत. नाडी रुंद व सैल असावी, बांधण्याची जागा बदलावी.

चार आठवड्यांत न भरणारी जखम, वाढत जाणारी व रक्त येणारी गाठ, तळपायावर किंवा नखाखाली पसरत जाणारा काळा डाग, एवढे ओळखता आले तरी पुरे. सुरुवातीस दुखत नाही, म्हणून माणूस मलम, झाडपाला करीत महिने काढतो. 'हत्यार लागले की कॅन्सर पसरतो' ही भीती तर सर्वत्र आहे. वास्तविक तुकडा काढून तपासल्याशिवाय निदानच होत नाही. लहान असताना बहुधा तेवढी जागा बधिर करून गाठ काढता येते. उशीर झाल्यास पाय कापण्याची वेळ येते.

सरकारतर्फे तीस वर्षांवरील लोकांची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी होते. तीत कातडी नाही. तेव्हा हे काम आपणांकडेच येते. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, डॉक्टर नव्हे. पण 'जुनी जखम आहे का, भाजल्याचा वण फुटला आहे का' हे विचारायला डॉक्टर लागत नाही. आरोग्य शिबिरात विद्यार्थ्यांनी हे विचारावे, स्त्रियांना आशाताईंनी आडोशाला विचारावे. संशय आल्यास जिल्हा रुग्णालयाचा त्वचारोग विभाग गाठावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. जाताना रेशनकार्ड आणि आधार कार्ड बरोबर घ्यावे.