थोरांना आवर घालणारे अथेन्स

प्राचीन ग्रीक संस्कृतीचा परिचय करून देताना सोलोन, पेरिक्लिस, सॉक्रेटिस, प्लेटो, अॅरिस्टॉटल अशी थोर नावे एकामागून एक घेतली जातात आणि या असामान्य माणसांमुळे अथेन्स हे नगरराज्य मोठे झाले, असा समज त्यातून सहज रुजतो. प्रत्यक्षात याच अथेन्सने आपल्या थोरांपैकी थेमिस्टोक्लिस आणि अॅरिस्टायडिस या पुढाऱ्यांना हद्दपार केले, पेरिक्लिसला दंड ठोठावला आणि सॉक्रेटिसला विष घेण्यास भाग पाडले. याचा दोष केवळ जमावाच्या लहरीवर किंवा कृतघ्नतेवर टाकता येत नाही, कारण एकाच माणसाच्या हाती सत्ता साचू नये यासाठी या नगराने दीड शतकाहून अधिक काळ जाणीवपूर्वक संस्था घडवल्या होत्या, आणि त्या संस्था व त्यांच्यावर झालेली बौद्धिक टीका हाच अथेन्सचा खरा वारसा आहे.

या घडणीची सुरुवात कर्जाच्या प्रश्नातून झाली. इ. स. पू. सहाव्या शतकाच्या आरंभी अथेन्समधील अनेक लहान शेतकरी उमरावांच्या कर्जात इतके बुडाले होते, की कर्ज फिटले नाही तर कर्जदाराला गुलाम म्हणून विकले जाई. इ. स. पू. 594 मध्ये सोलोन आर्कोन, म्हणजे वर्षभरासाठी नेमलेला मुख्य शासक, झाला आणि त्याने देहाच्या तारणावर कर्ज देण्यास कायमची बंदी घातली. नागरिकांची उत्पन्नानुसार चार वर्गांत विभागणी करून त्याने पदांची पात्रता जन्माऐवजी संपत्तीशी जोडली; ही समता नव्हे, पण उमराव घराण्यांची मक्तेदारी या विभागणीने मोडली. कायदे करून झाल्यावर सोलोन स्वतः परदेशी निघून गेला आणि पुढे पिसिस्ट्रॅटस व त्याचे मुलगे यांची हुकूमशाही अथेन्सवर आली. ती इ. स. पू. 510 मध्ये संपली, तेव्हा केवळ चांगले कायदे पुरेसे नसतात आणि ते राबवणाऱ्या समाजाची मांडणीच बदलावी लागते, हे स्पष्ट झाले होते.

ती मांडणी इ. स. पू. 508च्या सुमारास क्लेइस्थेनिसने बदलली. त्याने अॅटिका या अथेन्सच्या प्रदेशातील 139 गावे व वस्त्या हे नागरिकत्वाच्या नोंदणीचे मूळ घटक मानले आणि त्यांची दहा नव्या गणांत वाटणी केली. प्रत्येक गणात शहराचा, किनारपट्टीचा आणि अंतर्भागाचा एकेक तुकडा असेल, अशी त्याची योजना होती. त्यामुळे एखाद्या घराण्याचा आपल्या पंचक्रोशीत कितीही दबदबा असला, तरी संपूर्ण गणावर वर्चस्व गाजवणे त्याला कठीण झाले. प्रत्येक गणातून 50 याप्रमाणे निवडलेल्या 500 जणांचे मंडळ सर्व नागरिकांच्या लोकसभेपुढील विषय तयार करी, आणि प्निक्स टेकडीवर भरणाऱ्या त्या लोकसभेत कोणताही नागरिक उभा राहून बोलू शकत असे.

बलाढ्य नेत्याला आवरण्याचे सर्वांत विलक्षण साधन होते फुटक्या मडक्याची खापरी. वर्षातून एकदा लोकसभेला विचारले जाई, की यंदा कोणाला हद्दपार करण्यासाठी मतदान घ्यावे काय. होकार मिळाल्यास ठरलेल्या दिवशी नागरिक बाजारचौकात येऊन नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव खापरीवर कोरून टाकत. किमान 6,000 खापऱ्या जमणे आवश्यक होते. ज्याच्या नावाच्या खापऱ्या सर्वाधिक भरत, त्याला दहा वर्षांसाठी देश सोडावा लागे. मात्र त्याची मालमत्ता जप्त होत नसे, नागरिकत्वही जात नसे आणि त्याच्यावर गुन्हाही नोंदला जात नसे. म्हणजेच ही शिक्षा नव्हती. एखाद्याचे वजन राज्याला पेलवेनासे झाले, तर ते काही काळ दूर ठेवण्याची ती तजवीज होती.

इ. स. पू. 487 मध्ये प्रथम वापरलेल्या या प्रथेने थेमिस्टोक्लिसलाही सोडले नाही. लॉरिऑनच्या खाणींत चांदीचा मोठा साठा सापडला, तेव्हा ती रक्कम नागरिकांत वाटून टाकण्याऐवजी तिच्यातून युद्धनौका बांधाव्यात असा आग्रह त्यानेच धरला होता, आणि त्या आरमाराच्या बळावर इ. स. पू. 480 मध्ये सलामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव झाला. तरीही सुमारे दहा वर्षांनी तो हद्दपार झाला आणि अखेर इराणी सम्राटाच्या आश्रयाला जाऊन राहिला. या प्रथेची काळी बाजूही पुराव्यासह उपलब्ध आहे. 1937 मध्ये अक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरील एका जुन्या विहिरीत थेमिस्टोक्लिसचे नाव कोरलेल्या सुमारे 190 खापऱ्या सापडल्या; अक्षरवळण तपासता त्या अवघ्या चौदा हातांनी लिहिलेल्या असल्याचे दिसून आले. विरोधकांनी त्या वाटण्यासाठी आधीच तयार करून ठेवल्या असाव्यात, असा निष्कर्ष त्यावरून निघतो, आणि गटबाजीला आळा घालण्यासाठी निघालेले साधन गटांच्याच हाती कसे जाते, हेही त्यावरून कळते.

याहून मूलगामी उपाय म्हणजे सोडत. महाराष्ट्रात महापालिकेच्या निवडणुकीआधी निघणाऱ्या सोडतीत कोणता प्रभाग कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे ठरते. अथेन्समध्ये मात्र बहुतेक पदांवर बसणारा माणूसच सोडतीने ठरत असे. इ. स. पू. चौथ्या शतकात न्यायमंडळे निवडण्यासाठी सोडतयंत्रे वापरली जात; अशा यंत्रांचे अवशेष सापडले असून त्यांची रचना साधी पण चोख होती. उभ्या शिळेवर खाचांच्या रांगा कोरलेल्या असत. प्रत्येक इच्छुक आपले नाव असलेली धातूची पट्टी देई आणि ती एका खाचेत बसवली जाई. शेजारच्या नळीत पांढऱ्या व काळ्या गोट्या मिसळून ओतल्या जात आणि त्या एकेक करून बाहेर काढल्या जात. पांढरी गोटी आली तर त्या आडव्या रांगेतील सर्वजण त्या दिवसाचे न्यायाधीश होत, काळी आली तर सर्वजण घरी परतत. आपल्या खटल्याचा निवाडा कोण करणार हे त्या सकाळपर्यंत कोणालाच ठाऊक नसल्याने लाच द्यायची तरी कोणाला, हा प्रश्नच उरे. पद स्वीकारण्यापूर्वी पात्रतेची तपासणी आणि पद सोडताना हिशेबाची तपासणी, अशा दोन्ही चाळण्यांतून प्रत्येक अधिकाऱ्याला जावे लागे.

युद्धाचे कौशल्य मात्र सोडतीवर सोपवणे अथेन्सला परवडणारे नव्हते, म्हणून दहा सेनापती मतदानाने निवडले जात आणि त्यांची फेरनिवड कितीही वेळा होऊ शके. पेरिक्लिसचे सारे राजकारण या एका फटीतून उभे राहिले, कारण सुमारे पंधरा वर्षे तो दरवर्षी सेनापती म्हणून निवडून येत राहिला. न्यायमंडळावर बसणाऱ्यांना भत्ता सुरू करून त्याने गरिबांचा सहभाग शक्य केला आणि इ. स. पू. 447 मध्ये पार्थेनॉन मंदिराचे बांधकाम हाती घेतले. मात्र या वैभवामागे मित्रराज्यांकडून वसूल केलेली खंडणी होती, आणि स्पार्टाशी युद्ध पेटून नगरात साथ पसरताच त्याच लोकसभेने त्याला पदच्युत करून दंड केला, लवकरच पुन्हा निवडले, आणि इ. स. पू. 429 मध्ये तो स्वतः साथीला बळी पडला.

या व्यवस्थेला लोकशाही म्हणताना तिच्या मर्यादा विसरता येत नाहीत. स्त्रियांना मताधिकार नव्हता, पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या परदेशीयांना नव्हता, आणि लॉरिऑनच्या ज्या चांदीवर आरमार उभे राहिले ती गुलामांनी खणलेली होती. इ. स. पू. 451च्या पेरिक्लिसच्याच कायद्याने आई व वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व मिळू लागले.

सामान्य माणसावर एवढा भरवसा टाकणाऱ्या या नगरातच त्या भरवशाची सर्वांत कठोर चिकित्सा झाली. जोडे शिवून घ्यायचे तर माणूस जाणत्या कारागिराकडे जातो, मग राज्यकारभारासाठी कोणीही कसा चालतो, अशा धाटणीचे प्रश्न सॉक्रेटिस विचारत असे. तरी इ. स. पू. 406 मध्ये तोही पाचशेंच्या मंडळावर होता, आणि आर्गिनुसीच्या नौकायुद्धातील सेनापतींना एकत्रितपणे दोषी ठरवण्याचा बेकायदा प्रस्ताव आला, तेव्हा क्षुब्ध लोकसभेसमोर त्याने एकट्याने विरोध टिकवला. इ. स. पू. 399 मध्ये देवतांचा अव्हेर आणि तरुणांना बिघडवणे या आरोपांवरून त्याच्यावर खटला भरला गेला. त्याआधी काही वर्षे सत्ता बळकावून रक्तपात करणाऱ्या तीस जणांच्या गटाचा म्होरक्या क्रिटियस कधी काळी त्याच्या सहवासात होता, हे न्यायमंडळाच्या मनात असणारच. प्लेटोच्या वृत्तांताप्रमाणे केवळ तीस मते फिरली असती तर तो सुटला असता.

गुरूच्या मृत्यूचा निष्कर्ष प्लेटोने असा काढला, की सत्य बहुमताने ठरत नाही आणि म्हणून राज्य तत्त्वज्ञांच्या हाती असावे. त्याच्या अकादमीत वीस वर्षे काढलेल्या अॅरिस्टॉटलने वेगळी वाट धरली. मॅसिडोनियाजवळच्या स्टॅगिरा या गावचा असल्याने त्याला अथेन्समध्ये मताचा अधिकार नव्हता. तरी त्याने व त्याच्या शिष्यांनी 158 राज्यांच्या राज्यव्यवस्थांची माहिती गोळा केली आणि आदर्श राज्यापेक्षा प्रत्यक्षात टिकणारे राज्य कोणते, याचा विचार केला. अनेक सामान्य माणसांचे एकत्रित शहाणपण एखाद्या तज्ज्ञाहून सरस ठरू शकते, हे त्याने मान्य केले. आणि सोडत ही लोकशाहीची, तर निवडणूक ही अल्पजनसत्तेची खूण आहे, असेही त्याने नोंदवले, कारण निवडणुकीत ख्यातनाम आणि धनवान पुढे सरकतात.

इ. स. पू. 322 मध्ये मॅसिडोनियाने अथेन्सची लोकशाही मोडली, आणि पुढील दोन हजार वर्षे युरोपने तिच्याकडे मुख्यतः तिच्या टीकाकारांच्या नजरेतून पाहिले. अमेरिकेची राज्यघटना घडवताना जेम्स मॅडिसनने अथेन्सच्या सभेचे उदाहरण धोक्याचा इशारा म्हणून दिले. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज ग्रोट या इंग्रज इतिहासकाराने तिची बाजू मांडली, आणि 1891 मध्ये इजिप्तमधील पपायरसवरून अॅरिस्टॉटलच्या नावे असलेला अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर सोडत व तपासणी यांचा बारकावा अभ्यासकांना कळला. आयर्लंडमध्ये 2016 साली यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या 99 नागरिकांच्या सभेने गर्भपातासारख्या वादग्रस्त विषयावर शिफारशी केल्या आणि 2018 मध्ये सार्वमताने घटनेतील बंदी उठली, तेव्हा ही जुनी कल्पना नव्या रूपात राबवता येते, हे दिसले.

आधुनिक राज्यांनी अथेन्सकडून लोकशाही घेतली असे म्हणतात, पण सोडत, वर्षभराची मुदत आणि पदाच्या अखेरीस सक्तीची झाडाझडती यांपैकी फारच थोडे त्यांनी उचलले. उचलली ती निवडणूक, जिच्याविषयी अॅरिस्टॉटल साशंक होता. म्हणून या ग्रीकांचा वारसा पुतळ्यांपेक्षा एका न सुटलेल्या वादात शोधावा लागतो: राज्य चालवण्यास ज्ञान लागते हे प्लेटोचे म्हणणे खोटे नाही, आणि ज्ञानी म्हणवणाऱ्याला जाब विचारणारी यंत्रणा हवी हे अथेन्सच्या सामान्य नागरिकाचे म्हणणेही खोटे नाही, आणि या दोहोंपैकी एकाकडे दुर्लक्ष करणाऱ्या प्रत्येक राज्याला त्याची किंमत मोजावी लागते.