ॲनाबॅप्टिस्ट परंपरेतील शास्त्राचे आज्ञापालन

ॲनाबॅप्टिस्ट परंपरेतील शास्त्राचे आज्ञापालन ही ख्रिस्ती धर्मातील एक आचारप्रधान धारणा आहे. बायबलमधील, विशेषतः नव्या करारातील, येशू ख्रिस्ताच्या आज्ञा प्रत्येक विश्वासणाऱ्याने दैनंदिन जीवनात प्रत्यक्ष पाळण्यासाठी आहेत, असे या परंपरेत मानले जाते. शत्रूवर प्रीती करणे, शस्त्र न उचलणे, शपथ न घेणे आणि गरजूंना आपल्या मालमत्तेत वाटा देणे हे या धारणेचे ठळक आविष्कार होत. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंड, जर्मनभाषक प्रदेश आणि नेदरलँड्स येथे ही परंपरा उदयास आली. आजचे मेनोनाइट, आमिश आणि हटराइट हे समाज तिचे वारस आहेत.

शास्त्र पाळावे याविषयी ख्रिस्ती पंथांमध्ये फारसा वाद नाही. शास्त्राचा अर्थ कोणी ठरवावा, राज्यसत्तेचा आदेश आणि शास्त्राची आज्ञा परस्परविरोधी असतील तर काय करावे, आणि आज्ञापालनाच्या नावाखाली अन्याय घडू लागला तर त्याला कोणत्या कसोटीने रोखावे, हे प्रश्न मात्र वादाचे ठरले. ॲनाबॅप्टिस्टांच्या इतिहासात हे तिन्ही प्रश्न तीव्रतेने पुढे आले.

पार्श्वभूमी

मार्टिन लूथर व हुल्ड्रिख झ्विंग्ली यांसारख्या धर्मसुधारकांनी चर्चच्या रूढींपेक्षा शास्त्राचा अधिकार श्रेष्ठ मानला. झ्विंग्लीने १५१९ पासून झ्युरिक येथे बायबलमधील पुस्तकांवर क्रमाने प्रवचने देण्यास प्रारंभ केला. कोनराड ग्रेबेल व फेलिक्स मान्झ हे सुशिक्षित तरुण त्याच्या सहवासात ग्रीक व हिब्रू भाषांतून शास्त्राचा अभ्यास करू लागले.

ऑक्टोबर १५२३ मधील जाहीर वादसभेत मिस्सा व मूर्ती यांना शास्त्राचा आधार नाही, असा निष्कर्ष निघाला. मात्र हे बदल केव्हा व कसे करायचे, याचा निर्णय झ्विंग्लीने नगरपरिषदेवर सोपवला. दुर्बल मनाच्या लोकांना धक्का बसू नये व नगरात अशांतता माजू नये, ही त्यामागील भूमिका होती. देवाच्या वचनाने जे आधीच ठरले आहे, त्यावर परिषदेने निर्णय देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे ग्रेबेलच्या गटाचे मत होते. गुरू आणि शिष्य यांच्यातील फूट येथूनच रुंदावत गेली. शास्त्राच्या अधिकाराबद्दल दोन्ही बाजूंत मतभेद नव्हते. आज्ञा समजल्यानंतर थांबता येते की नाही, यावर ते होते.

१५२५ मधील बाप्तिस्मा व छळ

हा वाद पुढे बालकांच्या बाप्तिस्म्यावर येऊन ठेपला. नव्या करारात उपदेश, पश्चात्ताप व विश्वास यांनंतर बाप्तिस्मा येतो. म्हणून ज्याला अद्याप समज आलेली नाही अशा बालकाला दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, असे ग्रेबेल व मान्झ यांचे म्हणणे होते. जानेवारी १५२५ मध्ये परिषदेने त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला, सर्व बालकांचा बाप्तिस्मा आठ दिवसांत करण्याचा हुकूम काढला आणि या गटाच्या सभांना बंदी केली. २१ जानेवारी १५२५ रोजी या गटाने झ्युरिकमधील एका घरात प्रार्थना केली. ग्रेबेलने गेऑर्ग ब्लाउरॉक या माजी धर्मगुरूला बाप्तिस्मा दिला आणि ब्लाउरॉकने इतरांना दिला.

'ॲनाबॅप्टिस्ट' म्हणजे 'पुन्हा बाप्तिस्मा देणारे'. हे नाव विरोधकांनी दिले होते. स्वतः हे लोक एकमेकांना केवळ बंधू व भगिनी म्हणत. त्या काळी बालकाचा बाप्तिस्मा हा केवळ धार्मिक विधी नव्हता. त्याद्वारे नवजात बालक चर्चचा आणि त्याचबरोबर नगरसमाजाचा घटक होत असे. तो नाकारणे म्हणजे संपूर्ण समाज जन्मतःच ख्रिस्ती असतो हे गृहीतक नाकारणे होय, असे सत्ताधाऱ्यांना वाटले. पुनर्बाप्तिस्म्याला मृत्युदंड देणारे प्राचीन रोमन कायदेही त्यांच्या हाताशी होते.

मार्च १५२६ मध्ये झ्युरिकच्या परिषदेने पुनर्बाप्तिस्म्यासाठी पाण्यात बुडवून मारण्याची शिक्षा जाहीर केली. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झला लिम्माट नदीत बुडवण्यात आले. ग्रेबेल त्याआधीच, १५२६ मध्ये, प्लेगने मरण पावला होता. ब्लाउरॉकला १५२९ मध्ये टिरोल प्रदेशात जाळण्यात आले. त्याच वर्षी श्पायर येथील साम्राज्यसभेने ॲनाबॅप्टिस्टांसाठी मृत्युदंडाचा कायदा संपूर्ण साम्राज्याला लागू केला. कॅथलिक व प्रोटेस्टंट अशा दोन्ही राजवटींत त्यांचा छळ झाला.

विश्वास आणि अनुसरण

मनुष्याचे तारण केवळ विश्वासाने होते, कर्माने नव्हे, ही लूथरची मुख्य शिकवण होती. तारण कृपेनेच मिळते, हे ॲनाबॅप्टिस्टांनाही मान्य होते. परंतु ज्या विश्वासातून जीवन बदलत नाही तो खरा विश्वास नव्हे, असे ते मानत. म्हणूनच लूथरला कमी दर्जाचे वाटणारे याकोबाचे पत्र त्यांना विशेष प्रिय होते. वचन केवळ ऐकू नये, तर त्याप्रमाणे आचरण करावे, असा त्या पत्राचा आग्रह आहे.

यासाठी ते 'अनुसरण' ही संज्ञा वापरत. जीवनात ख्रिस्ताच्या मागे चालल्याखेरीज त्याची खरी ओळख होत नाही, असे हान्स डेंक या विचारवंताचे प्रतिपादन होते. या मांडणीत आज्ञापालन हे ज्ञान झाल्यानंतरचे पाऊल नसून ज्ञान मिळवण्याचा मार्ग आहे. आज्ञा पाळू लागल्यावरच तिचा अर्थ उलगडत जातो, आणि जो ती पाळण्यास तयार नाही त्याला पांडित्य असूनही शास्त्र समजत नाही, अशी या परंपरेची धारणा झाली. त्यामुळे विणकर, शेतकरी व स्त्रिया यांच्या शास्त्रवाचनालाही येथे महत्त्व मिळाले. अटकेनंतर झालेल्या चौकशीत अनेक स्त्रियांनी शास्त्रवचनांच्या आधारे धर्मगुरूंना उत्तरे दिल्याच्या नोंदी आहेत.

श्लाइटहाइमची सात कलमे

२४ फेब्रुवारी १५२७ रोजी श्लाइटहाइम या गावी जमलेल्या स्विस बंधूंनी सात कलमे मान्य केली. बेनेडिक्टाइन मठाचा माजी उपप्रमुख मिखाएल साटलर हा त्यांचा प्रमुख लेखक मानला जातो. बाप्तिस्मा, बहिष्कार, प्रभुभोजन, जगापासून वेगळेपण, पाळकांची निवड, तलवार आणि शपथ हे या कलमांचे विषय होत.

तलवार व शपथ यांविषयीची कलमे मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनावर (अध्याय ५ ते ७) आधारलेली आहेत. तलवार ही जगातील दुर्जनांना आवरण्यासाठी देवानेच नेमलेली व्यवस्था आहे. मात्र ती ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेरची असल्याने त्याच्या शिष्याने न्यायाधीश किंवा सैनिक होऊ नये, असे तलवारीविषयीचे कलम सांगते. शपथेचे कलम होकार व नकार एवढ्यावरच बोलणे थांबवण्यास सांगते. तत्कालीन नगरांत नागरिकत्व, न्यायदान व लष्करी सेवा ही सर्व शपथेवर उभी होती. त्यामुळे हे कलम सत्ताधाऱ्यांना बंडासारखे वाटले. कलमे मान्य झाल्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत साटलरला रोटेनबुर्ग येथे जाळण्यात आले आणि त्याची पत्नी मार्गारेटा हिला बुडवण्यात आले.

चळवळीत या प्रश्नांवर पूर्ण एकमत नव्हते. बाल्थासार हुबमायर या विद्वानाने १५२७ मध्येच लिहिलेल्या पुस्तिकेत ख्रिस्ती मनुष्य न्यायासाठी शासक म्हणून तलवार वापरू शकतो, असे मत मांडले. मोराव्हियात १५२८ मध्ये एका गटाने प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील पहिल्या मंडळीचे अनुकरण करून आपली सर्व मालमत्ता एकत्र केली. याकोब हुटरच्या नेतृत्वामुळे पुढे हटराइट म्हणून ओळखला गेलेला हा समाज आजही उत्तर अमेरिकेत सामाईक मालमत्तेवर राहतो.

म्युन्स्टरची घटना

फेब्रुवारी १५३४ मध्ये जर्मनीतील म्युन्स्टर हे नगर ॲनाबॅप्टिस्टांच्या एका गटाच्या ताब्यात आले. यान माथिस व त्याच्यानंतर यान फान लायडन यांच्या अमलाखाली बाप्तिस्म्याची सक्ती झाली आणि नकार देणाऱ्यांना नगराबाहेर काढण्यात आले. पुढे जुन्या करारातील कुलपतींच्या उदाहरणावरून बहुपत्नीकत्व सुरू झाले आणि यान फान लायडनने दाविदाच्या परंपरेतील राजा म्हणून स्वतःला घोषित केले. विरोधकांना देहदंड दिला गेला. जून १५३५ मध्ये नगर पडले. जानेवारी १५३६ मध्ये तीन नेत्यांना हाल करून ठार मारण्यात आले आणि त्यांची प्रेते सेंट लॅम्बर्ट चर्चच्या मनोऱ्यावर लोखंडी पिंजऱ्यांत टांगण्यात आली. हे पिंजरे आजही तेथे आहेत.

म्युन्स्टरचे नेतेही शास्त्राचे पालन करत असल्याचाच दावा करत होते. म्हणून ही घटना आज्ञापालनाच्या संपूर्ण कल्पनेपुढील आव्हान ठरली. केवळ शास्त्रनिष्ठेच्या घोषणेने सत्कर्माची हमी मिळत नाही, हे तिने दाखवून दिले.

आज्ञापालनाच्या कसोट्या

म्युन्स्टरच्या पतनाच्या सुमारास, जानेवारी १५३६ मध्ये, नेदरलँड्समधील मेनो सिमन्स याने कॅथलिक धर्मगुरूपद सोडले आणि विखुरलेल्या शांततावादी गटांना संघटित केले. 'मेनोनाइट' हे नाव त्याच्यावरून पडले. मेनो व दक्षिण जर्मनीतील पिल्ग्राम मारपेक यांच्या लेखनातून आणि मंडळ्यांच्या व्यवहारातून तीन कसोट्या स्पष्ट झाल्या.

पहिली कसोटी ख्रिस्तकेंद्री वाचनाची आहे. शास्त्रातील सर्व वचने एकाच पातळीवरची नाहीत. मारपेकच्या मते जुना करार हा पाया आणि नवा करार ही त्यावरील वास्तू होय. म्हणून जुन्या करारातील युद्धे व राजे यांचा दाखला देऊन ख्रिस्ताची आज्ञा बाजूला सारता येत नाही.

दुसरी कसोटी मंडळीच्या सामूहिक विचाराची आहे. शास्त्राचा अर्थ एखाद्या संदेष्ट्याच्या एकट्याच्या साक्षात्कारावर सोडता येत नाही. एकत्र वाचणाऱ्या व एकमेकांना सुधारणाऱ्या मंडळीने तो पारखला पाहिजे. चुकलेल्या बंधूला प्रथम एकांतात, नंतर साक्षीदारांसह व शेवटी मंडळीपुढे समज द्यावी, हा मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील क्रम त्यासाठी स्वीकारण्यात आला.

तिसरी कसोटी किंमत कोण मोजतो याची आहे. आज्ञापालनाचा भार स्वतः पाळणाऱ्याने सोसायचा असतो, तो दुसऱ्यावर लादायचा नसतो. बाप्तिस्मा स्वेच्छेचा असला पाहिजे, हा मूळ आग्रह येथे पुन्हा लागू होतो.

या तिसऱ्या कसोटीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डच ॲनाबॅप्टिस्ट डिर्क विलेम्स याचे आहे. कैदेतून सुटून तो गोठलेल्या पाण्यावरून पळत असताना त्याचा पाठलाग करणारा माणूस बर्फ फुटून पाण्यात पडला. विलेम्स माघारी फिरला आणि त्याने त्याला वाचवले. त्यामुळे तो पुन्हा पकडला गेला. मे १५६९ मध्ये आस्परेन येथे त्याला जाळण्यात आले. टीलमान फान ब्राख्त याच्या १६६० मधील 'हुतात्म्यांचा आरसा' या ग्रंथात ही कथा आहे. १६८५ च्या आवृत्तीसाठी यान लुइकेन याने काढलेले या प्रसंगाचे चित्र मेनोनाइट घरांत आजही आढळते.

टीका

लूथरपंथीयांनी या धारणेवर कर्मांनी तारण मिळवण्याचा नवा मठवास म्हणून टीका केली. सर्व ख्रिस्ती लोकांनी न्यायालये व सैन्य सोडले तर दुर्बलांचे रक्षण कोणी करायचे, हा धर्मसुधारकांचा आक्षेप आजही चर्चिला जातो.

परंपरेच्या आतूनही प्रश्न उपस्थित झाले. बहिष्कृत व्यक्तीशी जोडीदाराने किंवा कुटुंबीयांनी कितपत संबंध ठेवावा, यावरून वारंवार फुटी पडल्या. याकोब अम्मान याने कडक बहिष्काराचा आग्रह धरल्याने १६९३ मध्ये आमिश पंथ वेगळा झाला. प्रेमातून सुधारणा घडवण्यासाठी असलेला नियम कधी कधी शिक्षेचे साधन बनला. तसेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या समाजांत मूळची स्वेच्छा टिकतेच असे नाही. विसाव्या शतकात जर्मनीतील अनेक मेनोनाइटांनी शस्त्रत्यागाचे तत्त्व सोडले आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्यात सेवा केली.

नंतरचा काळ

काही राज्यकर्त्यांनी या समाजाच्या विवेकाला कायद्यात जागा दिली. विलेम फान ओरान्ये याने १५७७ मध्ये मिडेलबुर्ग येथील मेनोनाइटांचा साधा होकार शपथेऐवजी ग्राह्य धरण्यास सांगितले. रशियात १८७४ मध्ये सक्तीची लष्करी सेवा लागू झाल्यावर हजारो मेनोनाइट उत्तर अमेरिकेत गेले, तर मागे राहिलेल्यांना वनसेवेचा पर्याय मिळाला. अमेरिकेत १९४१ पासून युद्धसेवा नाकारणाऱ्यांसाठी नागरी सेवेची व्यवस्था झाली. सदसद्विवेकाच्या आधारे लष्करी सेवा नाकारण्याचा आधुनिक हक्क घडण्यात या परंपरेचा वाटा आहे.

भारतात अमेरिकन मेनोनाइटांनी १८९९ मध्ये तत्कालीन मध्य प्रांतातील धमतरी (आता छत्तीसगड) येथे कार्य सुरू केले. त्याआधीच्या दुष्काळातील मदतकार्य ही त्याची पार्श्वभूमी होती. धमतरीत पुढे शाळा व रुग्णालय उभे राहिले. मेनोनाइट जागतिक परिषदेचे अधिवेशन १९९७ मध्ये कोलकाता येथे भरले होते.

२०१० मध्ये श्टुटगार्ट येथील अधिवेशनात लूथरन जागतिक महासंघाने सोळाव्या शतकातील छळाबद्दल मेनोनाइटांची औपचारिक क्षमा मागितली. जन्मतः समाजाचा सदस्य असणे आणि समजून-उमजून आज्ञा स्वीकारणे, यांविषयीचा मूळ मतभेद मात्र कायम आहे. बालकांच्या बाप्तिस्म्याबाबत दोन्ही परंपरांची भूमिका आजही वेगळी असून त्यावर त्यांच्यात संवाद होत आला आहे.