दूरस्थ संगणकप्रवेश, सुरक्षित

संगणकसमूहावर दूरच्या ठिकाणाहून, मध्ये कोणासही मजकूर वाचता येणार नाही अशा रीतीने, काम करण्याची पद्धती. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ मध्ये ‘परम ब्रह्म’ हा समूह कार्यान्वित झाला. अशा समूहावर खाते असल्यास मालवणच्या किनाऱ्यावरील अभ्यासकालाही घरून संशोधन करता येते.

प्रथम समूहाच्या प्रवेश-संगणकाशी ‘सिक्युअर शेल’ या संदेशवहन-पद्धतीने जोडणी करतात. ती फिनलंडमधील तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केली. ओळख चाव्यांच्या जोडीने पटविली जाते : सार्वजनिक चावी समूहावर ठेवतात, खाजगी चावी परवलीच्या वाक्याने बंदिस्त करून स्वतःजवळच राखतात. पहिल्या जोडणीच्या वेळी दिसणारा प्रवेश-संगणकाचा ओळखठसा व्यवस्थापकाने दिलेल्या ठशाशी ताडून पहावा लागतो. अन्यथा तोतया संगणकाशी गाठ पडण्याचा धोका असतो.

चित्ररूप पडदा ‘व्हीएनसी’ पद्धतीने दिसतो. ती मूळ स्वरूपात कूटबद्ध नसल्याने सिक्युअर शेलच्या बोगद्यातूनच नेतात. तिचे द्वार महाजालावर उघडे ठेवीत नाहीत. पावसाळ्यात जोडणी तुटली, तरी समूहावरील सत्र चालू राहते व पुन्हा जोडल्यावर काम तेथूनच पुढे नेता येते. मोठी आकडेमोड मात्र प्रवेश-संगणकावर न करता कार्यनियोजकाच्या रांगेत पाठवितात.