यमक नाही, तर कविता कसली?

दोस्तांनो, वहीच्या मागच्या पानावर चोरून कविता लिहिणारे तुमच्यात बरेच जण असणार. ती कुणाच्या हाती लागली, की पहिला शेरा ठरलेला, "यात यमक कुठंय? ही कसली कविता!" याउलट कॉलेजातल्या दादा-ताईंचं म्हणणं, "यमक-बिमक जुनं झालं रे, आता मुक्तछंद!" या भांडणात बिचारं मागचं पान फाडलं जातं. ते फाडण्याआधी जरा थांबा आणि ही ओळ मोठ्यानं म्हणा :

मला आज शाळेत जावे न वाटे

आता हीच ओळ मनाच्या श्लोकांच्या चालीवर म्हणा. बसली ना? बसणारच! समर्थ रामदासांचे ते २०५ श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत आणि आपली ओळही त्याच वृत्तात आहे. एक लघु अक्षर, मग दोन गुरू, असं चार वेळा : लगागा लगागा लगागा लगागा. अक्षरं एकूण १२. 'म-ला-आ', 'ज-शा-ळे'... बोटांवर मोजून पाहा.

हा साचा नुसता शोभेचा नव्हता. घरोघरी पुस्तकं नव्हती, तेव्हा कविता राहायची ती डोक्यात. चालीतल्या ओळीतलं एक अक्षर गळलं, तरी ती लंगडते आणि चूक लगेच कळते. जात्यावरच्या ओव्यांना तर हाताच्या फेऱ्याचाच ताल!

पण याची किंमतही मोजावी लागते. 'जावे न वाटे' असं तुम्ही आईला कधी म्हणता का? आपण म्हणतो, 'जावंसं वाटत नाही.' वृत्तापायी आपली रोजची भाषा बाजूला पडली. मुक्तछंदात ती परत येते :

आज शाळा नको.
बाहेर पाऊस,
आत दप्तर
ओलं.

सलग लिहिलं, तर हा रजेचा अर्ज वाटेल! मग 'ओलं' एकटंच खाली का? कारण तिथं क्षणभर थांबलं, की तो ओलेपणा नुसत्या दप्तराचा राहत नाही. ओळ इथंच का तोडली, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. नसेल, तर ते तुकडे केलेलं गद्य. मला विचाराल, तर मुक्तछंद जास्त अवघड. इथं लंगडलेली ओळ पटकन ओळखूच येत नाही.

आणि जुनं म्हणजे सगळं करकचून बांधलेलं, असंही नाही बरं का. १२९० सालची ज्ञानेश्वरी उघडा. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा चरण आखूड आणि सुटा. अक्षरं मात्र कुठं कमी, कुठं जास्त. सातशे वर्षांपूर्वीची ही मोकळीक! पुढं बा. सी. मर्ढेकरांना यंत्रयुगातल्या माणसाची घुसमट सांगायची होती. 'काही कविता' हा त्यांचा संग्रह १९४७ सालचा. विषय इतका नवा, पण त्यांनी पुन्हा पुन्हा हाती घेतले ते संतांचे ओवी आणि अभंग.

सगळ्यांत गमतीची गोष्ट कवी अनिलांची, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे यांची. मराठीत मुक्तछंद रुजवला तो यांनी. 'भग्नमूर्ती' ही त्यांची मुक्तछंदातली दीर्घकविता १९४० साली आली. ओळींच्या बेड्या तोडणारा हा माणूस पुढं आपण होऊन एका नव्या चौकटीत जाऊन बसला. कविता दहा ओळींचीच, नाव 'दशपदी'! त्याच नावाच्या संग्रहाला १९७७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

तर मागचं पान जपून ठेवा. आणि हो, आपल्या त्या शाळेच्या ओळीचा श्लोक व्हायला अजून तीन ओळी हव्यात. 'वाटे'ला यमक म्हणून 'पहाटे' घ्या. तोही नेमका लगागातच बसतो!