कन्व्हर्टर कशाने मेला?

स्कॅनरवर पी०४२० हा कोड आला की बऱ्याच गॅरेजांत तपास तिथंच थांबतो. ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, बदलावा लागेल,’ असं सांगून खर्चाचा अंदाज हातात ठेवला जातो. वास्तविक त्या कोडचा अर्थ एवढाच, की कन्व्हर्टरचं काम कमी भरतंय असं गाडीच्या संगणकाला वाटतंय. ते का कमी भरतंय, हे माणसानं शोधायचं असतं. हे शोधल्याशिवाय पान्याला हात न लावणारा एक मेकॅनिक पुण्यात कात्रजच्या बाजूला आहे. त्याच्याकडे मी एका गाडीचा तपास सुरुवातीपासून पाहिला.

गाडी २०१४ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. मालक निवृत्त शिक्षक. जुन्या कात्रज घाटात गाडी ओढत नाही, ॲक्सिलरेटर दाबला तरी पिकअप घेत नाही, अशी तक्रार. आधीच्या एका गॅरेजात त्यांना सोपा उपाय सुचवला होता : कन्व्हर्टरमधली जाळी फोडून काढू, गाडी पळायला लागेल. त्यांना ते पटलं नव्हतं.

‘काका, गाडी तेल खाते का? मधे टॉप-अप करावं लागतं?’

‘नाही रे, तेल बरोबर असतं. पण सकाळी चालू केली की थोडा वेळ थरथरते.’

‘कधीपासून?’

‘पावसाळ्यापासून असेल.’

हे प्रश्न उगाच विचारलेले नव्हते. कन्व्हर्टर सहसा आपल्या मरणानं मरत नाही, इंजिन त्याला मारतं. स्टीलच्या डब्यात सिरॅमिकचा एक ठोकळा असतो, मधाच्या पोळ्यासारखा. चौरस इंचाला साधारण ४०० आरपार भोकं. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ लेप. अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे तापला की हा लेप कार्बन मोनॉक्साइडचा आणि अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ करतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा पुन्हा नायट्रोजन करतो. इंजिन ऑइल जाळत असेल तर ऑइलमधला फॉस्फरस या लेपावर बसतो. आणि एखादा सिलिंडर मिस होत असेल तर कच्चं पेट्रोल थेट कन्व्हर्टरात जाऊन पेटतं. मग तापमान हजार अंश ओलांडतं आणि सिरॅमिकसुद्धा वितळायला लागतं.

स्कॅनरवर पी०४२०च्या जोडीला दुसराही कोड होता : पी०३०३, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. आधीच्या गॅरेजनं त्याकडे पाहिलंच नव्हतं. मेकॅनिकनं तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल पहिल्यावर बसवली, पहिल्याची तिसऱ्यावर, कोड पुसले आणि गाडी एक फेरी मारून आणली. आता स्कॅनरवर पी०३०१ आला. दोष कॉइलबरोबर सरकला होता, म्हणजे कॉइलच खराब. एकही नवा भाग न लावता मारेकरी सापडला. निदान असंच असावं असं मला वाटतं : आधी शंका, मग ती खरी-खोटी ठरवणारी एक छोटी अदलाबदल.

नवी कॉइल बसली, पण तेवढ्यानं प्रश्न सुटत नव्हता. कन्व्हर्टरचं नुकसान झालंय का, झालंय तर किती, हे बघायचं होतं. आधी गळती. पुढच्या बाजूला कुठं सांध्यातून हवा आत शिरत असेल, तर सेन्सरला खोटाच ऑक्सिजन दिसतो आणि चांगला कन्व्हर्टर बदनाम होतो. सायलेन्सरच्या टोकाशी जाड फडकं धरून दाब वाढवला, सांध्यांवर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे कुठंच आले नाहीत.

मग इंजिन चांगलं तापवून २५०० आरपीएमवर धरलं आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सरांचे आलेख पडद्यावर लावले. हा भाग मी डोळे न हलवता पाहिला. कन्व्हर्टरच्या पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधे सतत वरखाली होत होता, आणि त्यानं तसंच व्हायला हवं. कारण संगणक मिश्रण क्षणाक्षणाला थोडं जास्त, थोडं कमी करत असतो. धडधाकट कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरची रेषा ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास जवळपास सपाट राहते. इथं मागची रेषा पुढचीची नक्कल करत होती, डोंगराला डोंगर, दरीला दरी. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी मागचा सेन्सरच बदलतात. पण जो सेन्सर इतक्या चपळाईनं वरखाली होतोय, तो बिघडलेला कसा असेल? तो खरं तेच सांगत होता.

लेप निकामी झाला हे कळलं. घाटात गाडी का ओढत नाही हे अजून कळायचं होतं. पुढचा सेन्सर काढून त्याच भोकात दाबाचं मीटर बसवलं. मोकळ्या एक्झॉस्टमध्ये २५०० आरपीएमलाही दाब तीन पीएसआयच्या खाली राहायला हवा. काटा पाचाला टेकला. इंजिन श्वास घेत होतं, पण सोडू शकत नव्हतं. गाडी थंड झाल्यावर रबरी हातोडीनं डब्यावर हलकी थाप मारली, तर आत काहीतरी खुळखुळलं. तापमानाची गन लावून पुढचं-मागचं तापमान मोजायची पद्धतही आहे, पण त्यावर माझा फारसा विश्वास नाही. आयडलिंगला चांगल्या कन्व्हर्टरमध्येही तो फरक फसवा निघतो.

गंजलेले बोल्ट सुटायला बराच वेळ गेला. डबा खाली आल्यावर बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. कडेची भोकं शाबूत, मधली वितळून एकमेकांत मिसळलेली, वर काचेची चमक. सुटलेला एक तुकडा तोंडाशी आडवा अडकलेला.

मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना १९९५मध्ये कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी आधी शिसेविरहित पेट्रोल आणावं लागलं, कारण शिसं हा लेप कायमचा झाकून टाकतं. २०००पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. शहरांत श्वास घेता यावा म्हणून एवढं सगळं केलं, आणि आज तीच जाळी पिकअपसाठी फोडून भंगारात विकली जाते. कोड येऊ नये म्हणून मागच्या सेन्सरखाली नळीचा तुकडा लावून संगणकालाही फसवतात. त्या गाडीच्या मागे सिग्नलला स्कूटरवर लहान मूल बसलेलं असतं. हा उपाय सुचवणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही.

नवा कन्व्हर्टर बसल्यावर गाडी पीयूसीला नेली. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे. दोन्ही आकडे तिच्या बरेच खाली होते.

चेक इंजिनचा दिवा सलग पेटलेला असेल तर गाडी सवडीनं दाखवली तरी चालते. पण तो लुकलुकत असेल, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ असतो की मिसफायर चालू आहे आणि कन्व्हर्टर या क्षणी भाजला जातोय. तेव्हा ॲक्सिलरेटर सोडा, शक्य तितक्या लवकर कॉइल आणि प्लग तपासून घ्या. आणि कन्व्हर्टर बदलायला होकार देण्याआधी मेकॅनिकला विचारा, जुना कशानं गेला. उत्तर मिळालं नाही, तर गाडी दुसरीकडे न्या.