विश्लेषण : मोटारींना बंदी, सायकलींना मोकळी वाट, भरतपूरच्या पाणथळीत हे कसे जमले?

आग्र्याहून जयपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग राजस्थानातील भरतपूर शहराला लागून जातो. ताजमहाल पाहून जयपूर गाठणारी अनेक मराठी कुटुंबेही याच रस्त्याने जातात. ट्रकची रांग, बसचे हॉर्न, ढाब्यांच्या पाट्या असा तो नेहमीचा महामार्ग. मात्र त्याच्या कडेला असलेल्या दगडी भिंतीपलीकडे सुमारे २९ चौरस किलोमीटरचा असा परिसर आहे, जिथे खासगी मोटार एका नाक्याच्या पुढे जाऊ शकत नाही. पुढे जायचे तर पायी, रिक्षाने किंवा भाड्याच्या सायकलवर. केवलादेव राष्ट्रीय उद्यान हे त्याचे नाव. जुन्या पक्षीप्रेमींसाठी ते आजही ‘भरतपूर’च आहे आणि स्थानिकांसाठी ‘घना’. हिवाळ्यात येथे सायकलवरून फिरणे हा देशातील सर्वांत सोप्या जंगलभ्रमंतींपैकी एक अनुभव मानला जातो. पण ही वाट नेमकी कशाची बनली आहे आणि ती कशावर टिकून आहे?

सायकलीसाठी हीच जागा सोयीची का?

पहिले कारण भूगोल. उद्यानाचा भूभाग जवळजवळ पूर्ण सपाट आहे. चढ नाही, उतार नाही, घाट तर नाहीच. मुख्य प्रवेशद्वारापासून केवलादेव मंदिरापर्यंत साधारण पाच किलोमीटरचा सरळ पक्का रस्ता जातो. त्याला दोन्ही बाजूंनी कच्च्या वाटा फुटतात. यातील बऱ्याच वाटा पाण्याच्या दोन तुकड्यांमधील मातीच्या बांधांवरून जातात. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी आणि मधल्या बांधावर बाभळीच्या सावलीत सायकल, असे येथील नेहमीचे दृश्य असते.

दुसरे कारण नियम. प्रवेशद्वारापासून काही अंतरावर शांतिकुटीर नावाचा नाका आहे. खासगी वाहनांची हद्द तिथे संपते. त्यामुळे मागून हॉर्न वाजवत कोणी येत नाही आणि नवशिक्यालाही भीती वाटत नाही. शाळकरी मुलापासून साठीतल्या आजोबांपर्यंत कोणालाही पेलेल असा हा प्रवास आहे.

‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणजे काय? त्यासाठी महागडी सायकल लागते का?

डांबरी रस्ता सोडून खडी, मुरूम किंवा मातीच्या कमी रहदारीच्या रस्त्यांवर लांब पल्ल्याची सायकल चालवणे, याला ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात. अमेरिकेच्या मध्य भागातील खडीच्या ग्रामीण रस्त्यांवर हा प्रकार रुजला. कॅन्सस राज्यातील एम्पोरिया गावात २००६ पासून भरणारी शर्यत त्यातली सर्वांत प्रसिद्ध. या सायकली दिसायला रेसिंग सायकलसारख्या असतात. मात्र टायर बरेच रुंद, साधारण ३५ ते ५० मिलिमीटरचे असतात आणि त्यात हवा कमी ठेवली जाते. कमी हवेचा रुंद टायर छोट्या खड्यांवर दबतो, त्यामुळे हादरे कमी बसतात आणि सैल मातीवर पकड मिळते.

भरतपूरला मात्र इतक्या सरंजामाची गरज पडत नाही. प्रवेशद्वारापाशी भाड्याने मिळणारी साधी सायकल पुरते. गिअर लागतात ते चढावर आणि येथे चढच नाही. शर्यतीच्या बारीक टायरपेक्षा भाड्याच्या सायकलीचा जाड टायर कच्च्या वाटेवर अधिक उपयोगी पडतो. पाहायचे ते इतकेच, की ब्रेक लागतात ना, सीट उंचीला बरोबर आहे ना आणि चेन फार करकर करत नाही ना. शेवटचा मुद्दा आपल्यापेक्षा पक्ष्यांसाठी महत्त्वाचा.

या वाटा मुळात कोणासाठी बांधल्या?

पर्यटकांसाठी नक्कीच नाही. केवलादेवची पाणथळ जागा पूर्णपणे नैसर्गिक नाही. गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या खोऱ्यातील हा सखल भाग पावसाळ्यात पाण्याखाली जायचा. अठराव्या शतकात भरतपूरच्या महाराजा सूरजमल यांच्या काळात शहराजवळ अजान बांध उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानिकांनी कालवे, बांध आणि पाण्याची दारे बांधून या जागेचे रूपांतर बदकांच्या शिकारीच्या राखीव क्षेत्रात केले. पक्षी यावेत म्हणून पाणी अडवले आणि ते आल्यावर मारले, असा तो प्रकार होता.

त्या काळाच्या नोंदी आजही केवलादेव मंदिराजवळ दगडी शिलांवर वाचता येतात. शिकारीची तारीख, बंदुकांची संख्या आणि मारलेले पक्षी असा हिशेब त्यावर कोरलेला आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत ४ हजार २७३ पक्षी मारले गेले. मुख्य रस्त्याने सायकल चालवत आलेला पर्यटक नेमका याच शिलांपाशी पोहोचतो.

स्वातंत्र्यानंतर ही जमीन कोरडी करून शेतीखाली आणावी, अशी मागणी पुढे आली. तेव्हा ही पाणथळ वाचवण्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांत मुंबईचे पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली आघाडीवर होते. १९५६ मध्ये येथे पक्षी अभयारण्य झाले, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत कायम राहिला. १९८१ मध्ये रामसर यादीत समावेश, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९८५ मध्ये युनेस्कोचे जागतिक वारसा स्थळ, असे टप्पे त्यानंतर आले.

बांध आणि पक्षी यांचा संबंध काय?

सपाट जमिनीवर पाणी ओतले तर ते पातळ थरासारखे सगळीकडे पसरते. बांध घातले की त्याच पाण्याचे कप्पे होतात. प्रत्येक कप्प्याची पातळी दारे उघडून किंवा बंद करून वेगळी ठेवता येते. पातळी बदलली की पक्षीही बदलतात. घोट्याएवढ्या पाण्यात शेकाट्या आणि तुतवार चिखल चाचपतात. गुडघाभर पाण्यात चित्रबलाक आणि बगळे मासे पकडतात. त्याहून खोल पाण्यात बुडी मारणारी बदके उतरतात. पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर पावसाळ्याच्या उत्तरार्धात चित्रबलाक, पाणकावळे आणि बगळ्यांची घरटी दाटीने लागतात. खाली पाणी असले की कोल्ह्या-मांजरांना झाडापर्यंत पोहोचणे अवघड होते.

३५० हून अधिक जातींचे पक्षी एवढ्या छोट्या जागेत नोंदले गेले, त्यामागे ही रचना आहे. सायकल ज्या बांधावरून जाते तोच बांध हे कप्पे तयार करतो. त्यामुळे दोन-तीन किलोमीटरच्या फेरीतही सायकलस्वाराला वेगवेगळ्या खोलीच्या पाण्यातील पक्षी पाहायला मिळतात.

मोटारबंदीचा फायदा नेमका कोणता?

आवाज कमी होतो, हे उघड आहे. धूळ, धूर आणि प्रखर दिवेही टळतात. पण त्याहून मोठा फरक वेगाचा असतो. हिवाळ्यात अजगर आणि इतर सरपटणारे प्राणी ऊन खाण्यासाठी उघड्यावर येतात. कासवे, साप, नीलगायी वाट ओलांडतात. ताशी दहा-बारा किलोमीटर वेगाने जाणारी सायकल त्यांच्यासाठी थांबू शकते. शिवाय मोटारी आल्या की रुंद रस्ते, पार्किंग आणि वळणासाठी जागा लागते. अरुंद बांधांवर ते शक्य नाही. रस्ता रुंद करायचा तर पाण्यात भराव टाकावा लागेल.

मात्र ‘सायकल म्हणजे निसर्गाला काहीच त्रास नाही’ हा समज पूर्ण खरा नाही. अनेक पक्षी संथ जाणाऱ्या वाहनाला जितके जवळ येऊ देतात, तितके चालत येणाऱ्या माणसाला येऊ देत नाहीत. माणसाची आकृती त्यांना धोक्याची वाटते. सायकलस्वार एका लयीत पुढे जात असेल तर बगळा बऱ्याचदा जागेवर राहतो. तोच सायकलस्वार अचानक थांबला, उतरला आणि हात वर करून मोबाइल काढू लागला की पक्षी उडतो. म्हणून जाणकार थोडे अलीकडेच थांबतात, सायकल हळूच टेकवतात आणि झाडाच्या आडोशाने पाहतात. लाउडस्पीकरवर गाणी लावून सायकल चालवणारा गट मोटारीइतकाच उपद्रव करू शकतो.

माणसाला दूर ठेवले की पाणथळ वाचते?

केवलादेवचा अनुभव वेगळे सांगतो. १९८२ मध्ये उद्यानात गुरे चारण्यावर बंदी आली. आसपासच्या गावांनी विरोध केला. पोलिसांशी संघर्ष झाला आणि त्यात गावकऱ्यांचे जीव गेले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या सुमारे दहा वर्षांच्या अभ्यासातून अनपेक्षित चित्र समोर आले. म्हशी जे पाणगवत खात होत्या, ते आता बेसुमार वाढून उघडे पाणी व्यापू लागले होते. उघड्या पाण्यावर अवलंबून असलेल्या पक्ष्यांसाठी ते वाईट होते.

नंतरच्या काळात जमीन व्यापणाऱ्या विलायती बाभळीची समस्या वाढली. ती मुळासकट काढण्याच्या कामात आसपासच्या गावकऱ्यांना सामील करून घेण्यात आले. माणसाने घडवलेली पाणथळ माणसाने सतत सांभाळावी लागते, हा धडा येथे बरीच किंमत मोजून मिळाला.

मग खरा प्रश्न कुठे आहे?

पाण्यात. केवलादेवला दरवर्षी सुमारे ५५० दशलक्ष घनफूट, म्हणजे ०.५५ टीएमसी पाणी लागते असे मानले जाते. पुण्याच्या खडकवासला धरणाची क्षमता सुमारे १.९७ टीएमसी आहे. त्याच्या पाव हिश्शाहून थोडे अधिक. आकडा फार मोठा वाटत नाही. पण हे पाणी उथळ आणि पसरलेले असल्याने उन्हात झपाट्याने आटते आणि पुन्हा भरावे लागते. सायकलीला सोपा वाटणारा सपाटपणा येथे पाण्याच्या मुळावर येतो.

पूर्वी हे पाणी प्रामुख्याने गंभीर नदीतून अजान बांधामार्गे येत असे. नदीच्या वरच्या भागात करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले आणि खाली येणारा प्रवाह आटला. धरणाचे पाणी सोडायचे की नाही, यावरून २००४ च्या सुमारास शेतकरी आणि उद्यान असा वाद पेटला. धरणाकाठच्या शेतकऱ्यालाही पाणी हवे होते, त्यामुळे कोणाची मागणी खोटी, असे म्हणता येत नव्हते. त्या कोरड्या वर्षांत पाणपक्ष्यांनी पाठ फिरवली आणि उद्यानाच्या जागतिक वारसा दर्जाविषयीही चिंता व्यक्त होऊ लागली. पुढे गोवर्धन ड्रेनचे पुराचे पाणी जलवाहिनीने आणण्याची योजना झाली. चंबळच्या पाण्याचाही आधार मिळाला. त्यामुळे उद्यान सावरले. तरी पावसाने पाठ फिरवली की जुनी धास्ती परत येते.

गेलेले सगळे परत येत नाही, हेही येथे दिसते. सैबेरियन क्रौंच हा पांढराशुभ्र पाहुणा एकेकाळी भरतपूरची ओळख होता. २००२ नंतर तो येथे दिसलेला नाही. त्यामागे त्याच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासमार्गावरील शिकार आणि अधिवासाचा नाश ही कारणेही आहेत. बांध कितीही चांगला राखला तरी तो सैबेरियापर्यंत पोहोचत नाही.

पाणी आटले तर फटका कोणाला?

पक्ष्यांनंतर पहिला फटका रिक्षाचालकांना. येथील सायकलरिक्षा चालवणाऱ्यांना पक्षी ओळखण्याचे प्रशिक्षण मिळालेले आहे. अनेकांच्या गळ्यात दुर्बीण असते आणि पक्ष्यांची इंग्रजी नावे त्यांना तोंडपाठ असतात. अलीकडे त्यांच्या जोडीला ई-रिक्षाही आल्या आहेत. त्यांची मुख्य कमाई ऑक्टोबर ते मार्च या हंगामात होते. पाणी कमी तर पक्षी कमी, पक्षी कमी तर पर्यटक एका दिवसात परत. सायकली भाड्याने देणारे, गाइड आणि छोटी हॉटेले याच साखळीत येतात.

महाराष्ट्रात असे काही आहे का?

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमावरील नांदूरमध्यमेश्वर अभयारण्याला ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ म्हटले जाते. बंधाऱ्यामागे साचलेला गाळ आणि उथळ पाणी यातून ही पाणथळ तयार झाली. २०२० मध्ये ते राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. पाणी माणसाने अडवले, पक्षी नंतर आले. त्यामुळे दरवाजे कधी उघडायचे, सिंचनाला किती द्यायचे आणि पक्ष्यांसाठी किती ठेवायचे, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

भरतपूरला जाणार असाल तर काय लक्षात ठेवावे?

मुंबईहून कोट्यामार्गे दिल्लीला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर भरतपूर जंक्शन आहे. आग्र्याहून रस्त्याने तासा-दीड तासात पोहोचता येते. घरटी पाहायची तर पावसाळा संपता संपता, स्थलांतरित बदके आणि हंस पाहायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुके असते, तेव्हा उबदार कपडे आणि हातमोजे हवेत. पहिली फेरी रिक्षाचालकासोबत करावी आणि दुसरी स्वतः सायकलवर. नजर एकदा तयार झाली की पुढचे पक्षी आपले आपणच दिसू लागतात.

आणि तिकीट काढण्यापूर्वी हॉटेलवाल्याला खोलीच्या दराबरोबर आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : यंदा घन्यात पाणी किती आले?